एकट्या राहणाऱ्या आईसाठी पडल्याची सूचना देणारे उपकरण कसे निवडावे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्या आई ७९ वर्षांच्या असून पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत एकट्या राहतात. दोन महिन्यांपूर्वी पहाटे त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडले नाही, पण उठता न आल्यामुळे कामाच्या मावशी येईपर्यंत जवळजवळ तीन तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. तुम्ही न्यू जर्सीत आहात, भाऊ ठाण्याला आहे आणि शेजारच्या सदनिकेतील कुटुंबाशी घरोबा आहे. आता मनगटावरचे घड्याळ, गळ्यातले बटण आणि भिंतीवर बसवायचा सेन्सर यांपैकी काय घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी ज्येष्ठांच्या पुनर्वसनाचे काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा अशाच एखाद्या घटनेनंतर येतो. त्या वेळी घरातल्या सर्वांना काहीतरी ताबडतोब विकत घ्यावेसे वाटते, ते स्वाभाविकही आहे. तरीही माझे मत असे आहे की, उपकरणाची निवड सर्वांत शेवटी करावी. रात्री तीन वाजता सूचना आली तर पंधरा-वीस मिनिटांत प्रत्यक्ष दाराशी कोण पोहोचणार आणि ते दार त्या व्यक्तीला बाहेरून उघडता येणार का, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. त्यांची उत्तरे मिळाली की कोणते उपकरण योग्य, हे बरेचसे आपोआप ठरते. ती मिळाली नाहीत, तर सर्वांत महागडे घड्याळही फक्त सातासमुद्रापार असलेल्या मुलीची झोप उडवू शकते.

कोणतेही उपकरण पडणे थांबवत नाही. ते जमिनीवर पडून राहण्याचा वेळ कमी करते, आणि तो वेळ कमी करणे फार महत्त्वाचे आहे. माणूस एक तासाहून अधिक काळ एकाच कुशीवर कठीण जमिनीवर पडून राहिला, तर दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटू लागतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. माकडहाड, टाचा आणि कोपर यांवर दाबामुळे जखमा होतात, पाणी न मिळाल्याने शरीर शुष्क पडते, ओल्या फरशीवर अंगातली ऊब निघून जाते आणि पुढच्या काही दिवसांत न्यूमोनियाचा धोका वाढतो. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींचा वर्षभर पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्या वर्षात पडलेल्यांपैकी ८० टक्के व्यक्तींना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आले नव्हते आणि ३० टक्के व्यक्ती एक तास किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर होत्या. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. यांपैकी अनेकांकडे मदतीसाठीचे बटण होते, पण दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ते वापरलेच गेले नाही. कोणी ते गळ्यात घातलेले नव्हते, कोणाला दाबता आले नाही, आणि कोणी समजून-उमजून दाबले नाही. आपल्याकडचा अनुभवही वेगळा नाही. ‘एवढ्या रात्री कोणाला कशाला उठवायचे, उजाडले की येतीलच’ हा विचार करून पडून राहिलेल्या आजी-आजोबांना मी पुष्कळ भेटले आहे.

आता माणूस आणि दार. तुमच्या परिस्थितीत शेजारचे कुटुंब हा पहिला आधार आहे, भाऊ दुसरा आणि तुम्ही तिसऱ्या. ठाण्याहून कोथरूडला पोहोचायला रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरही अडीच-तीन तास सहज लागतात, म्हणून भावाचे काम फोनवरून व्यवस्था लावण्याचे आहे, उचलायला येण्याचे नाही. शेजाऱ्यांशी हे स्पष्ट बोलून घ्या आणि त्यांची संमती असेल तरच त्यांचा क्रमांक उपकरणात घाला. ते गावाला गेले तर काय, याचेही उत्तर हवे, म्हणून त्याच इमारतीतील आणखी एक घर किंवा सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन यांना या व्यवस्थेत आणा.

दाराच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी अडचण असते आणि ती उपकरण विकणारा सांगत नाही. एकटी राहणारी ज्येष्ठ व्यक्ती रात्री लॅच लावते, वर आतून कडी घालते, साखळी अडकवते आणि बाहेरचे जाळीचे दारही आतून बंद करते. शेजाऱ्यांकडे किल्ली असूनही मग सुतार किंवा अग्निशमन दलाला बोलावावे लागते. दोन्ही दारांना बाहेरून किल्लीने उघडणारे चांगले कुलूप बसवा, आतल्या कड्या काढूनच टाका, आणि किल्ल्यांचा एक जोड शेजारी व दुसरा भावाकडे ठेवा. आईंना कडीशिवाय सुरक्षित वाटत नसेल, तर आतून फिरवून लावता येणारे पण बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप हा मध्यम मार्ग त्यांना पटतो असा माझा अनुभव आहे. न्हाणीघराच्या दाराला तर कडी नकोच. नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने बाहेरून फिरवता येईल अशी खिट्टी मिळते, ती लावावी. शिवाय आपल्याकडील न्हाणीघरांची दारे बहुधा आत उघडतात आणि पडलेली व्यक्ती दारालाच आडवी असते. दार बाहेर उघडेल असे फिरवून घेणे हे एका दिवसाचे काम आहे आणि मी ते कोणत्याही उपकरणाच्या आधी करायला सांगेन.

पडणे आपोआप ओळखणारी उपकरणे कशी काम करतात हे समजून घेतले की त्यांच्या मर्यादाही कळतात. घड्याळात किंवा लॉकेटमध्ये गती मोजणारा एक सूक्ष्म सेन्सर असतो. शरीर खाली येताना क्षणभर वजन हलके झाल्यासारखे वाटणे, मग जोराचा आघात, शरीराची उभ्याची आडवी झालेली स्थिती आणि त्यानंतरची निश्चलता, हा क्रम तो शोधतो. काही उपकरणे उंचीतला बदल टिपण्यासाठी हवेचा दाबही मोजतात. उभे असताना एकदम कोसळणे त्यांना बरे ओळखता येते. पण वृद्ध व्यक्ती अनेकदा अशी पडत नाही. ती पलंगाच्या कडेवरून घसरते, भिंतीला धरत धरत खाली बसते, कमोडवरून उठताना गुडघ्यात दुमडते. अशा सावकाश पडण्यात आघात कमी असल्यामुळे उपकरणाला ते कळत नाही. या उपकरणांच्या चाचण्या प्रामुख्याने तरुण स्वयंसेवकांना गादीवर पडायला लावून झालेल्या असतात, हे दुसरे कारण. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात पडणे ओळखण्याच्या तोवरच्या १३ गणनपद्धती (अल्गोरिदम) रुग्णांच्या २९ खऱ्याखुऱ्या पडण्यांवर तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांनी सरासरी ५७ टक्के पडणीच ओळखली. त्यानंतर तंत्र बरेच सुधारले आहे, तरी ‘आपोआप कळेल’ या एकाच भरवशावर कोणी राहू नये. अ‍ॅपलसारखी कंपनीही आपले घड्याळ प्रत्येक पडणे ओळखू शकत नाही, असे स्वतःच सांगते. म्हणून आपोआप ओळखण्याची सोय असलेल्या उपकरणालाही हाताने दाबायचे बटण असलेच पाहिजे.

याची दुसरी बाजू म्हणजे खोट्या सूचना. आरतीच्या वेळी जोरात टाळ्या वाजवणे, खलबत्त्यात कुटणे, कपडे आपटणे, दिवाणावर धपकन बसणे, यांपैकी काहीही घड्याळाला पडल्यासारखे वाटू शकते. आठवड्यात दोन-तीन वेळा असे झाले की शेजारी फोन गांभीर्याने घेईनासे होतात आणि आई ते उपकरण काढून ठेवतात. सूचना पुढे जाण्यापूर्वी ती रद्द करायला वेळ मिळतो का, आणि रद्द करण्याची कृती आईंना सहज जमते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

मनगटी घड्याळांपैकी अ‍ॅपलने ही सोय २०१८ मध्ये चौथ्या मालिकेच्या घड्याळात आणली आणि सॅमसंगच्या घड्याळांतही ती आहे. अ‍ॅपलच्या घड्याळात वापरणाऱ्याचे वय ५५ किंवा अधिक नोंदवले असेल तर ही सोय आपोआप चालू होते. तरीही सेटिंग उघडून खात्री करावी. जोराचे पडणे ओळखल्यावर घड्याळ मनगटावर टकटक करते आणि आवाज देते. सुमारे एक मिनिट हालचाल झाली नाही तर ते उलटी गणती सुरू करते, मग आपत्कालीन सेवेला फोन लावते आणि त्यानंतर नोंदवलेल्या नातेवाइकांना ठिकाणासह संदेश पाठवते. नातेवाइकांकडे जातो तो संदेश असतो, वाजत राहणारा फोन नव्हे. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपलेल्या भावाला तो सकाळी दिसेल, म्हणून त्याच्या फोनवर या सूचनेला वेगळी मोकळीक द्यावी लागते. अ‍ॅपलचे घड्याळ आयफोनशी आणि सॅमसंगची अलीकडची घड्याळे अँड्रॉइड फोनशीच जोडली जातात, हेही विसरू नका. आईंकडे अँड्रॉइड फोन असताना अमेरिकेतून अ‍ॅपलचे घड्याळ भेट म्हणून आणले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ते कपाटात राहते. स्वतःची सिमसेवा असलेले घड्याळ परदेशातून आणण्याआधी ते भारतातल्या मोबाइल जाळ्यावर चालते का, याची लेखी खात्री करून घ्यावी. मी तर ते भारतातच घ्यायला सांगेन.

पण तुमच्या आईंच्या बाबतीत घड्याळाविषयी माझी मुख्य हरकत वेगळी आहे. अशी घड्याळे साधारण रोज चार्ज करावी लागतात आणि बहुतेक माणसे ती रात्री चार्जिंगला लावतात. तुमच्या आई पहाटे न्हाणीघरात पडल्या. म्हणजे नेमक्या त्या वेळी घड्याळ ओट्यावर असते. स्नानाच्या वेळी आणि देवपूजेच्या वेळी मनगटातले घड्याळ काढून ठेवण्याची सवय साठ वर्षांची असते; तीन दिवसांत ती जात नाही. ज्यांना आधीपासून स्मार्टफोन सराईतपणे वापरता येतो, जे घराबाहेर बरेच हिंडतात आणि जे संध्याकाळी मालिका पाहताना घड्याळ चार्जिंगला लावून रात्री पुन्हा घालायची शिस्त पाळतील, त्यांच्यासाठी घड्याळ उत्तम आहे. पहाटे उठून अंधारात न्हाणीघरात जाणाऱ्या व्यक्तीसाठी ते पहिली निवड होऊ शकत नाही.

गळ्यातले किंवा मनगटावरचे बटण, ज्यात स्वतःचे सिमकार्ड, बोलण्याची सोय आणि पडणे ओळखणारा सेन्सर असतो, ते अशा वेळी अधिक उपयोगी पडते. वजनाला ते हलके असते, अनेक नमुन्यांची बॅटरी काही दिवस टिकते आणि आंघोळीतही ते अंगावर ठेवता येते. मात्र घेताना तीन-चार गोष्टी काटेकोरपणे तपासायला हव्यात. ते पाण्यात चालणारे असावे. केवळ शिंतोडे सहन करणारे पुरत नाही, कारण बादलीतले तांबेभर पाणी थेट त्यावर पडणार आहे. दोरी ओढल्यावर सुटणारी असावी, नाहीतर पलंगाच्या कठड्यात अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका असतो. मंगळसूत्राबरोबर किंवा माळेबरोबर ते गुंतत असेल तर मनगटी पट्टा घ्यावा, आणि हातात बांगड्या असतील तर तो ज्या हाताने काम कमी होते त्या हातात बांधावा.

सिमकार्डाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक उपकरणे निकामी ठरतात ती इथे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी पुष्कळ लॉकेटे अजूनही फक्त टू-जी तंत्रावर चालतात. जिओकडे टू-जी जाळे नाही, त्यामुळे त्या उपकरणात जिओचे कार्ड घातले तर ते मुळात जोडलेच जात नाही, आणि इतर कंपन्यांचे कार्ड आज चालले तरी हे जुने तंत्र किती काळ राहील याच्यावर विसंबू नये. अमेरिकेत २०२२ साली थ्री-जी जाळी बंद झाली तेव्हा त्यावर चालणारी मदतीची बटणे निरुपयोगी झाली होती. फोर-जीवरून आवाजी फोन करू शकणारेच उपकरण घ्या. खरेदीपूर्वी, ज्या कंपनीचे कार्ड घालणार त्याच कंपनीचा फोन घेऊन न्हाणीघरात जा, दार लावा आणि फोन लागतो का पाहा. भिंतींच्या मधोमध असलेल्या न्हाणीघरात अनेकदा बाहेरच्या खोलीसारखी रेंज नसते. सिमची मुदत संपल्यास आधी जाणारे आणि मग येणारे फोन बंद होतात, म्हणून वर्षभराचे रिचार्ज करून पुढची तारीख तुमच्या आणि भावाच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

आणखी एक बारीक पण घातक गोष्ट आहे. ही उपकरणे नोंदवलेल्या क्रमांकांना एकामागून एक फोन लावतात आणि कोणी उचलला की थांबतात. अमेरिकेतल्या फोनवर न उचललेला फोन व्हॉइसमेलकडे, म्हणजे निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, जातो. उपकरणाच्या दृष्टीने तो ‘उचलला’ गेलेला असतो. आई व्हॉइसमेलशी बोलत राहतात आणि पुढचा क्रमांक लागतच नाही. समोरच्याने एखादा आकडा दाबल्याशिवाय फोन स्वीकारला गेला असे न मानणारे उपकरण मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास तुमचा क्रमांक यादीत सर्वांत शेवटी ठेवा आणि शेजारी व भावाच्या फोनवरचा व्हॉइसमेल किंवा कॉल-फॉरवर्डिंग बंद असल्याची खात्री करा. उपकरणाचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये आईंच्या नावाने साठवा, नाहीतर अनोळखी क्रमांक म्हणून तो कापला जातो किंवा अ‍ॅप तो अडवते.

तुमच्या दूर असण्याचा एक फायदाही आहे. पुण्यात पहाटेचे पाच वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात वाजलेले असतात. म्हणजे सर्वांत धोक्याच्या वेळी घरातले तुम्हीच जागे असता. क्रमांकांच्या यादीत नाव शेवटी असले तरी अ‍ॅपवरची सूचना तुम्हाला मिळू द्या आणि तुम्ही शेजाऱ्यांना फोन करून जागे करा. न्यू जर्सीतून ११२ किंवा १०८ फिरवला तर तो भारतात लागणार नाही, म्हणून शेजारी, सोसायटीचे कार्यालय, जवळचे रुग्णालय आणि त्याची रुग्णवाहिका यांचे पूर्ण क्रमांक देशाच्या संकेतांकासह आधीच साठवून ठेवा. अमेरिकेतील कंपन्यांची वर्गणी भरून मिळणारी लॉकेटे मात्र आईंसाठी पाठवू नका. त्यांचे जाळे, त्यांचे मदत केंद्र आणि त्यांची रुग्णवाहिकेची व्यवस्था त्या देशापुरती असते. भारतात मोठ्या शहरांत वर्गणी घेऊन असे मदत केंद्र चालवणाऱ्या सेवा आहेत. त्या घेताना फोनवर मराठी बोलणारी व्यक्ती रात्री असते का, आणि ते स्वतः माणूस पाठवतात की केवळ तुमच्या शेजाऱ्यालाच फोन करतात, हे विचारा. दुसरे असेल तर ते काम तुमचे उपकरणही करते.

भिंतीवर किंवा छतावर बसवायच्या सेन्सरविषयी सध्या खूप उत्सुकता आहे. हे रडारच्या तत्त्वावर चालतात, चित्र घेत नाहीत, अंगावर काही घालावे लागत नाही, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठी, जिला बटण दाबायचे आठवणारच नाही, त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण एक सेन्सर एकच खोली पाहतो. त्याला वीज आणि वायफाय लागते, त्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर वीज गेल्याबरोबर तो आंधळा होतो. आणि व्यक्ती जमिनीलगत स्थिर दिसली की हे सेन्सर ती पडली असे समजतात. ते ज्या घरांसाठी घडवले गेले, तिथे जमिनीवर सहसा कोणी बसत नाही. आपल्याकडे आई पाटावर बसून आंघोळ करतात, देवघरासमोर जमिनीवर बसून पोथी वाचतात, दुपारी चटईवर आडव्या होतात. मी हे सेन्सर दिवाणखान्यासाठी किंवा देवघराच्या खोलीसाठी सुचवत नाही. न्हाणीघरासाठी, तेही आई खुर्चीवर बसून आंघोळ करत असतील तर, दुसरा थर म्हणून त्याचा विचार करावा आणि विजेची जोडणी जाणत्या तंत्रज्ञाकडूनच पाण्यापासून दूर करून घ्यावी. कॅमेऱ्याचा प्रश्न काहीजण विचारतात. निजायच्या खोलीत आणि न्हाणीघरात कॅमेरा लावायला माझा स्पष्ट विरोध आहे. आईंच्या खासगीपणाची किंमत मोजून मुलांची काळजी मिटवणे योग्य नाही, आणि कॅमेरा पाहत कोणी चोवीस तास बसणारही नसते.

महागड्या सेन्सरपेक्षा मला एक साधी सोय अधिक भरवशाची वाटते. बिनतारी दारघंटीचे पाण्यात टिकणारे, बॅटरीवर चालणारे बटण न्हाणीघरात जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकटवावे आणि तिची घंटा शेजाऱ्यांच्या घरात, त्यांच्या निजायच्या खोलीजवळ ठेवावी. पडलेल्या व्यक्तीचा हात तिथे पोहोचतो. सिम, वायफाय, अ‍ॅप यांपैकी काही लागत नाही आणि खर्च हजार-दीड हजारांच्या आत राहतो. दुसरे बटण पलंगाच्या पायाशी लावावे. बटणाची आणि घंटेची बॅटरी ठराविक काळाने बदलावी लागते एवढेच. आईंकडे साधा बटणांचा फोन असेल तर तोही दुय्यम आधार आहे. भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन सोय असणे बंधनकारक असून साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरल्यास मदतीचा फोन लागतो. कोणता आकडा, हे त्यांच्याच फोनवर आधी पाहून घ्या.

तर तुमच्या आईंसाठी मी असे करीन. पहिल्या आठवड्यात दोन्ही दारांची कुलपे, न्हाणीघराचे दार आणि शेजाऱ्यांकडची घंटा. त्यानंतर फोर-जी सिमचे, पाण्यात चालणारे, बटण आणि आपोआप ओळख दोन्ही असलेले लॉकेट किंवा पट्टा, जो त्या रात्रंदिवस घालतील. क्रम शेजारी, इमारतीतील दुसरे घर, भाऊ, मग तुम्ही. परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच ते घ्या आणि त्या मुदतीत आई ते रात्री अंगावर ठेवतात की नाही, एवढेच पाहा. ठेवत नसतील तर कारण विचारा. बहुधा दोरी टोचते, दिवा लुकलुकतो, किंवा ‘आजाऱ्यासारखे दिसते’ हे असते. पहिल्या दोन गोष्टी सुटतात, तिसरीसाठी पट्टा किंवा आतल्या कपड्याला शिवलेला खिसा चालतो. निवड करताना दोन-तीन नमुने त्यांच्या हातात द्या आणि अखेरचा निर्णय त्यांचा असू द्या. स्वतः निवडलेली वस्तू वापरली जाते. बटण दाबल्याने कोणाला त्रास होत नाही हे शेजाऱ्यांनी त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगितले तर त्याचा परिणाम तुमच्या दहा फोनांपेक्षा अधिक होतो.

महिन्यातून एकदा संपूर्ण साखळीची चाचणी घ्या. त्यासाठी आईंना लक्षात राहणारी तिथी निवडावी, उदाहरणार्थ संकष्टी. त्यांनी न्हाणीघरातून बटण दाबायचे, आणि शेजारी किल्लीने दार उघडून प्रत्यक्ष त्यांच्यासमोर येईपर्यंत किती मिनिटे लागली ते लिहून ठेवायचे. आपोआप ओळख तपासण्यासाठी कोणीही जमिनीवर पडून पाहू नये. आणि चाचणीत ११२ ला फोन जाणार नाही याची काळजी घ्यावी.

उपकरणाबरोबरच, किंबहुना त्याच्या आधी, आई पहाटे का पडल्या याचा शोध घेतला पाहिजे. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी, पहाटेची लघवीची घाई, अपुरा उजेड, मोतीबिंदू यांपैकी काहीही कारण असू शकते. डॉक्टरांकडे पाच मिनिटे झोपवून आणि मग उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून वळून परत बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे धरतात. अशा व्यक्तींना तोलाचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम नियमित द्यावे लागतात. स्वतंत्र राहणाऱ्या ज्येष्ठांवरील अनेक अभ्यासांच्या २०१९ च्या एकत्रित आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आहे. हे कोणतेही घड्याळ करू शकत नाही. न्हाणीघरात भिंतीत बोल्टने पक्के केलेले आधारदांडे (चिकटवायचे नकोत, ते ऐनवेळी सुटतात), पाटाऐवजी रबरी पायांची खुर्ची आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा एवढे तरी या महिन्यातच करून घ्या. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून जमिनीवरून उठण्याची पद्धतही त्यांना शिकवून घ्या: कुशीवर वळणे, हातांवर भार देऊन रांगत स्थिर खुर्चीपर्यंत जाणे, मग मजबूत पाय पुढे घेऊन उठणे. त्यांच्या वयाच्या पुष्कळ जणींना हे सरावाने जमते.

शेवटचे काम शेजाऱ्यांना सांगून ठेवायचे आहे. ते पोहोचल्यावर आईंना बगलेत हात घालून लगेच ओढून उठवू नये. आधी बोलावे, वेदना कुठे आहे ते विचारावे. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता धरून, अंगावर पांघरूण घालून त्यांना तसेच ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. डोक्याला मार लागला असेल आणि आई रक्त पातळ करणारे औषध घेत असतील, तर त्या अगदी ठणठणीत दिसत असल्या तरी त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी व्हायला हवी, कारण मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाश वाढतो आणि काही वेळा आठवड्यांनंतर लक्षात येतो. त्यांच्या औषधांची यादी, मात्रेसह, फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.